आधी खरवडायचं, मग रंगवायचं

जेवणं आटोपली असतील आणि भांडी घासायची राहिली असतील, तर रेडिओ मोरीजवळ ओढून घ्या आणि हात चालू ठेवूनच ऐका. आजचा आमचा विषयही घासण्याचाच आहे. फक्त घासायची वस्तू जरा वेगळी आहे. गाडीच्या ब्रेकवर चढलेला गंज घरच्या घरी कसा काढायचा आणि त्यावर रंग कसा द्यायचा, हे आज सांगणार आहोत.

काही जणी म्हणतील, ब्रेकचं काम म्हणजे गॅरेजवाल्याचं काम, आपण त्यात कशाला पडायचं? आमच्यातही अशा होत्या. पण आता कितीतरी गटांकडे गाडी आहे. कुणाची छोटी टेम्पो, कुणाची रिक्षा, कुणाची व्हॅन. कर्जाचा हप्ता आपण भरतो, विमा आपण भरतो, आणि त्या गाडीत आपणच बसतो. मग चाकाच्या आत काय आहे ते आपल्याला ठाऊक नको का?

आमच्या ग्रामसंघाची एक जुनी व्हॅन आहे. सेकंडहँड घेतलेली. पाच जणी बसतात आणि मागे सामानाला जागा आहे. कोकम सरबताचे खोके, मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, काजूगर असं सगळं त्यात भरून आम्ही कुडाळ, मालवण, सावंतवाडीच्या बाजाराला जातो. वर्षातून दोन-तीनदा आंबोलीचा घाट चढून कोल्हापूरकडे प्रदर्शनालाही जातो. गाडी चालवते आमच्यातलीच एक. तिला सगळ्या ‘ड्रायव्हरताई’ म्हणतात, म्हणून इथेही तसंच म्हणू.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. दिवाळीच्या प्रदर्शनाला दहा-बारा दिवस राहिले होते. पुढचं डावं चाक पंक्चर झालं म्हणून अंगणातच काढलं, आणि चाकाच्या आतला लोखंडी भाग सगळ्यांनी पहिल्यांदा पाहिला. तांबडालाल गंज. पावसात बाहेर राहिलेल्या कोयत्यासारखा. एकजण म्हणाली, “शी! वरून गाडी धुऊन चकाचक करतो आणि आत हे असं?” गॅरेजमध्ये विचारलं तर दोन चाकांच्या ब्रेकला रंग द्यायचे अठराशे रुपये सांगितले. मग ठरलं की हे काम आपणच करायचं. घराचे दरवाजे रंगवतो, गोठ्याचं फाटक रंगवतो, हे का नाही जमणार?

जमलं. पण मध्ये एक गोष्ट घडली, तीही सांगायची आहे. आधी हा भाग काय असतो ते समजून घेऊ.

सायकलच्या ब्रेकचे रबर तुम्ही पाहिले आहेत. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन रबर येऊन चाकाच्या कडीला धरतात. बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या चाकांतही असाच प्रकार असतो. चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी गोल ताटली असते, तिला डिस्क म्हणतात. त्या ताटलीला दोन बाजूंनी धरणारी जी जाड पकड असते, ती म्हणजे कॅलिपर. आपण सांडशीने गरम पातेल्याची कड धरतो तसा कॅलिपर त्या ताटलीला धरतो. पण त्याचे ओठ थेट ताटलीला लागत नाहीत. मध्ये दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो. घासून झिजतो तो पॅड, आणि झिजला की बदलायचा.

पायाने ब्रेक दाबला की नळीतलं ब्रेक ऑइल पुढे ढकललं जातं. ते कॅलिपरमधल्या दट्ट्याला, म्हणजे पिस्टनला रेटतं, आणि पिस्टन पॅडला रेटतो. अगदी इंजेक्शनच्या सिरिंजसारखं, फक्त उलट. त्या पिस्टनभोवती रबराची एक घडीदार टोपी असते. धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून. शिवाय आमच्या गाडीसारख्या बहुतेक साध्या गाड्यांत कॅलिपर दोन पिनांवर थोडा मागे-पुढे सरकतो. तो सरकला तरच दोन्ही बाजूंचे पॅड सारखे दाबले जातात. ही सरकण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मागच्या चाकांत बहुतेक वेळा ड्रम असतो. तो बंद डब्यासारखा असतो, त्याला आम्ही हात लावला नाही.

आता गंज. कॅलिपर बहुधा बिडाच्या लोखंडाचा असतो आणि बीड उघडं राहिलं की गंजणारच. त्यात आपलं कोकण. चार महिने पाऊस, चाकाला चिकटणारी तांबडी माती, आणि किनाऱ्याजवळ खारा वारा. मिठाच्या पाण्याने गंज लवकर चढतो, हे विळी-कोयते वापरणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. पण सगळा गंज सारखा नसतो.

रात्रभर पाऊस पडला की सकाळी डिस्कच्या ताटलीवर पिवळट थर दिसतो. त्याला घाबरू नका. गाडी चालवून दोन-चारदा ब्रेक दाबला की तो पॅडनेच पुसला जातो. कॅलिपरच्या बाहेरच्या अंगावरचा पातळ गंज हा दिसायला वाईट, पण लगेच धोक्याचा नाही. धोक्याचा गंज तो, जो सरकणाऱ्या पिनांत, पॅड बसण्याच्या खाचेत किंवा रबरी टोपीखाली शिरतो. कारण तिथे काहीतरी हलायला हवं असतं, आणि गंज ते हलू देत नाही. रंग देतो आपण बाहेरच्या अंगाला. आतल्या गंजाला रंगाचा काहीही उपयोग नाही. हे वाक्य आज आम्ही सोपेपणाने सांगतो आहोत, पण त्या दिवशी आम्हाला ते माहीत नव्हतं.

आता काम कसं केलं ते क्रमाने सांगतो.

पाऊस उघडलेला, कोरडं ऊन असलेला दिवस निवडला. जागा सपाट आणि कडक हवी. शेणाने सारवलेल्या अंगणात जॅक रुततो, म्हणून आम्ही गाडी समाजमंदिरासमोरच्या काँक्रीटवर नेली. चुलीपासून, गॅसपासून लांब, कारण स्प्रेचा रंग आणि ब्रेक साफ करायचा स्प्रे दोन्ही भडकन पेटतात. मुलांना त्या बाजूला फिरकू दिलं नाही.

हातातल्या बांगड्या काढल्या, ओढण्या-पदर खोचले, केस बांधले. नाका-तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा. ब्रेकची काळी धूळ फार वाईट. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की निघत नाही. म्हणून ती धूळ तोंडाने फुंकायची नाही, पंपाच्या हवेने उडवायची नाही, कोरड्या झाडूने झटकायची नाही. ओल्या फडक्याने टिपायची आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं. पदराने तर मुळीच पुसायची नाही. त्याच पदराने आपण मुलाचं तोंड पुसतो.

गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली, हँडब्रेक ओढला आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले. गाडी वर उचलल्यावर जोर लावला तर ती जॅकवरून घसरू शकते. मग जॅक लावला, तोही गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच. वर उचलल्यावर गॅरेजमधून मागून आणलेला लोखंडी स्टँड खाली लावला. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहायचं नाही. आणि आपल्याकडे सवय असते म्हणून सांगतो, चिरे रचून त्यावर गाडी टेकवू नका. भिंतीत चिरा शंभर वर्षं टिकेल, पण गाडीच्या भाराखाली तो अचानक फुटतो. काढलेलं चाकही आम्ही आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवलं. काही झालं तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. गाडीखाली शिरायचं कारणच नव्हतं, सगळं काम बाजूला बसून होतं. स्टिअरिंग थोडं वळवलं की कॅलिपर आपल्यासमोर येतो.

आधी ओल्या फडक्याने धूळ टिपली. मग तारेचा ब्रश घेऊन खरवडायला सुरुवात. सुटा गंज पापुद्र्यासारखा निघतो. कोपऱ्यात जुन्या टूथब्रशच्या आकाराचा लहान तारेचा ब्रश चालतो. मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर दोनशे चाळीसचा. पेपरवरचा आकडा जितका मोठा तितका तो बारीक. लोखंड आरशासारखं होणार नाही. खळग्यात तपकिरी डाग राहतात, ते चालतात. सुटा कण मात्र राहता कामा नये. कण राहिला की रंग त्या कणावर बसतो आणि कणाबरोबर पडतो.

एक गोष्ट जपायची. तारेचा ब्रश लोखंडावरच चालवायचा. रबरी टोपीवर नाही, ब्रेक ऑइलच्या नळीवर नाही. तिथे फडकंच.

आणि इथेच काम थांबलं.

खरवडताना एकजण म्हणाली, “ही टोपी बघा, हिला चीर आहे काय?” डाव्या चाकाच्या पिनेवरची लहान रबरी टोपी फाटली होती. आत ग्रीसच्या जागी तांबडा गाळ. मग जवळ जाऊन पॅड पाहिले. बाहेरच्या बाजूचा पॅड बोटाच्या पेराइतका जाड होता. आतल्या बाजूचा चपातीएवढा राहिला होता. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड जवळपास सारखे. आम्हाला कारण कळलं नाही, पण एकाच चाकात एवढा फरक बरा नव्हे, हे कळलं.

तेव्हा ड्रायव्हरताई हळूच म्हणाली, “मी सांगितलेलं की.”

आणि आम्हाला आठवलं. तीन आठवड्यांपूर्वीच्या बैठकीत तिने सांगितलं होतं की ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढते. बैठकीत दिवाळीच्या मालाची चर्चा चालू होती, लेबल छापून आली नव्हती. आम्ही तिला काय म्हणालो? “अगं, रस्त्यालाच उतार असेल.” दुसरी म्हणाली, “खड्डे काय कमी आहेत?” तिसरी हसून म्हणाली, “सामान एका बाजूला भरलं असशील.” ती गप्प बसली. इतिवृत्ताच्या वहीत तिचं वाक्य लिहिलंच नाही. ती वही आम्हीच लिहितो, म्हणजे चूक आमचीच.

मैत्रिणींनो, हे रेडिओवर सांगायला बरं वाटत नाही. घरात आपलं कुणी ऐकत नाही म्हणून आपण गट काढला. आणि त्या गटात एक बाई रोज स्टिअरिंग धरून बसते, तिच्या हाताला काहीतरी वेगळं लागतंय असं सांगते, आणि आपण तिलाच खड्डे दाखवतो.

त्या दिवशी मात्र दोन मतं पडली. काही जणी म्हणाल्या, प्रदर्शन चार दिवसांवर आलंय. हाताशी रंग आहे, ऊन आहे, रंग देऊन टाकू, दुरुस्ती दिवाळीनंतर करू. आतापर्यंत चाललीच ना गाडी? पैसेही नाहीत असं खजिनदारताई म्हणाली, आणि ते खरं होतं. माल भरण्यात सगळा पैसा अडकला होता.

एक वयस्क आजी आमच्या गटात आहेत. त्या पायरीवर बसून सुपारी कातरत होत्या. त्या म्हणाल्या, “अगो, वरसून रंग लावशात, पण आत काय आसा ता कोण बघतला?”

मग कुणी काही बोललं नाही. रंगाचा डबा बंदच राहिला. एकदा वर लाल रंग चढला असता तर तो भाग पाहून प्रत्येकीला वाटलं असतं की ब्रेकचं काम झालं. पुन्हा कुणी चाक काढून बघितलंच नसतं.

गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही असं ठरवून मेकॅनिकलाच बोलावलं. त्याने दोन मिनिटांत सांगितलं. सरकणारी एक पिन गंजाने जाम झाली होती. कॅलिपर सरकत नव्हता, म्हणून पिस्टनकडचा आतला पॅड एकटाच सगळा भार घेऊन झिजत होता आणि डावा ब्रेक नीट लागत नव्हता. उजवा नीट लागत होता, म्हणून गाडी उजवीकडे ओढत होती. आता तुम्हीच विचार करा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. उजवीकडे ओढणं म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीकडे ओढणं. आणि चार दिवसांनी आम्ही पाच जणी आणि भरलेली गाडी घेऊन घाटात जाणार होतो.

त्याने पिन सोडवली, साफ केली, ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावलं, रबरी टोप्या नव्या घातल्या. पॅड दोन्ही चाकांचे बदलले. एकाच चाकाचे बदलले तर पुन्हा दोन बाजू असमान होतात. हे काम आमचं नव्हतं आणि आम्ही ते करायला गेलो नाही. आम्ही शेजारी बसून सगळं पाहिलं मात्र, आणि प्रश्न विचारले. खर्च बावीसशे रुपये झाला. गाडीच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले हजार होते, उरलेले ग्रामसंघातून उचलले आणि प्रदर्शनाच्या विक्रीतून फेडले. वहीत नोंद आहे.

दुसऱ्या दिवशी रंग दिला. आता त्याचं सांगतो.

रंग कोणता घ्यायचा? दाराखिडक्यांचा ऑइलपेंट चालत नाही. घाटात सारखा ब्रेक दाबला तर डिस्क दोन-तीनशे अंशांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त तापू शकते. कॅलिपर त्यापेक्षा कमी तापतो, पण साधा रंग मऊ पडून सोलवटायला तेवढी उष्णता पुरते. म्हणून उष्णता सोसणारा रंग मागायचा. दुकानात कॅलिपर पेंट नावाने मिळतो, नाहीतर सायलेन्सरला लावतात तो उष्णतारोधक चंदेरी रंग मिळतो. किती अंश सेल्सिअस सोसतो हे डब्यावर लिहिलेलं असतं. अडीचशेच्या वरचा पाहून घ्या. काही रंग पहिल्यांदा तापल्यावरच पक्के होतात, काहींना खाली प्रायमर लागतो, काहींना नाही. डब्यावरची माहिती सगळ्यांत शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या आणि मगच झाकण उघडा.

रंग देण्याआधी तेलकटपणा पूर्ण जायला हवा. त्यासाठी ब्रेक क्लीनरचा स्प्रे मिळतो. तो मारायचा, स्वच्छ फडक्याने पुसायचा, सुकू द्यायचा. रॉकेल किंवा डिझेल वापरू नका. त्याचा तेलकट थर मागे राहतो, रंग धरत नाही, आणि रबर फुगतं. ब्रेक ऑइल सांडलं असेल तर लगेच पाण्याने धुऊन कोरडं करा, कारण ब्रेक ऑइल रंगच खातं.

मग चिकटपट्टी आणि जुना कागद लावून नको ते सगळं झाकलं. काय झाकायचं ते नीट ऐका. डिस्कची ताटली. पॅड. पिस्टन आणि त्याची रबरी टोपी. सरकणाऱ्या पिना. ब्रेक ऑइलची रबरी नळी. ब्रेकमधली हवा काढायचा जो लहान निप्पल असतो, तो. चाक जिथे टेकतं ती सपाट जागा आणि नटांचे आटे. या सगळ्या जागी रंगाचा एक थेंबही नको. चाक टेकायच्या जागी रंगाचा जाड थर बसला तर नट पुढे ढिले पडू शकतात. डिस्कवर किंवा पॅडवर रंग, तेल, ग्रीस लागलं तर ब्रेक लागणारच नाही. थोडक्यात, जे हलतं आणि जे घासतं त्याला रंग नाही. जे नुसतं उघड्यावर उभं असतं त्याला रंग.

आम्ही स्प्रेऐवजी ब्रशने रंगवलं. स्प्रे चारी बाजूंना उडतो आणि झाकाझाक जास्त करावी लागते. ब्रशने हात सावकाश चालतो पण नेमका चालतो. पहिला हात अगदी पातळ, खालचं लोखंड दिसेल एवढा. डब्यावर सांगितलं होतं तेवढा वेळ, आमच्या रंगाला पंधरा मिनिटं, थांबून दुसरा. मग तिसरा. एकदाच जाड हात मारला तर रंग ओघळतो, वर कातडं धरतो आणि आत ओला राहतो. तुळशी वृंदावन रंगवणाऱ्या बाईला हे ठाऊक असतंच.

सकाळी दहिवर पडलेलं असताना सुरुवात करू नका. लोखंड हाताला कोरडं आणि कोमट लागलं की मग ब्रश उचला. आम्ही दोन चाकं दोन दिवशी केली, एकावेळी एकच चाक उघडं. प्रत्येक रंग रात्रभर सुकू दिला, आणि रात्री गाडी स्टँडवर असताना तिच्याभोवती दोरी बांधून ठेवली, कुणी पोर आत जाऊ नये म्हणून.

नंतर चिकटपट्ट्या काढल्या, एकही कागद आत राहिला नाही हे मोजून पाहिलं. चाक बसवलं, नट हाताने लावले. गाडी खाली उतरवून नट समोरासमोरचे असे आवळले. एक इकडचा, एक त्याच्या समोरचा. एकाच बाजूने गोल गोल आवळत गेलं तर चाक तिरकं बसतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गाडी सुरू करून निघायचं नाही. आधी जागेवरच ब्रेकचा पेडल पाच-सहादा दाबायचा, पायाला कडक लागेपर्यंत. पॅड बदलताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिला पेडल सरळ खाली जातो. ब्रेक ऑइलची पातळी डब्यावरच्या दोन रेघांच्या मध्ये आहे का ते पाहायचं. पेडल मऊ लागला, खाली जात राहिला, किंवा चाकाच्या आत ओलं दिसलं, तर गाडी हलवायची नाही, मेकॅनिकला बोलवायचं. सगळं ठीक वाटलं तर मोकळ्या जागी अगदी हळू चालवून तीन-चारदा ब्रेक लावून पाहायचं. मग पन्नासेक किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा एकदा आवळून बघायचे.

ड्रायव्हरताईने गाडी शाळेच्या मैदानात नेली. ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. परत आली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाली, “सरळ थांबते.” एवढंच म्हणाली. त्या बैठकीपासून तिच्या मनात काय चाललं असेल, ते आम्हाला तेव्हा कळलं.

रंगाच्या सामानाचा खर्च सांगतो. उष्णता सोसणारा रंग चारशे वीस, ब्रेक क्लीनर तीनशे चाळीस, तारेचे दोन ब्रश एकशे दहा, पॉलिश पेपर ऐंशी, चिकटपट्टी चाळीस, मास्क आणि रंगाचा ब्रश मिळून नव्वद. एकूण एक हजार ऐंशी. अठराशेच्या जागी. निम्मा रंग उरला आहे, पुढच्या पावसाळ्यानंतर उपयोगी येईल. वाचलेले सातशे वीस दुरुस्तीतच गेले, पण ती दुरुस्ती गाडीचीच होती आणि लागणारच होती.

गटात आपण पंचसूत्री म्हणतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, आणि नोंदी. ही पाचवी, नोंदींची, आम्ही पैशापुरतीच धरत होतो. आता गाडीची वेगळी वही केली आहे. तिच्यात तारीख, किती किलोमीटर, आणि ड्रायव्हरताई काय म्हणाली ते तिच्या शब्दांत लिहायचं. आवाज येतो, ओढते, वास येतो, एक चाक जास्त तापलंय, जे असेल ते. त्यावर काय केलं ते पुढच्या रकान्यात. तो रकाना रिकामा असेल तर बैठक संपत नाही.

तुमच्याकडे गाडी असेल तर पाऊस गेल्यावर एकदा चाक काढून बघा. गाडी नसेल, पण गटाची पिठाची गिरणी असेल, कडबाकुट्टी असेल, शेवयांचं यंत्र असेल, तर तिथेही गंज असतोच. तिथेही वीज बंद करून, आधी खरवडून, नीट पाहून, मगच रंग. आणि ते यंत्र रोज जिच्या हाताखाली चालतं, तिला आधी विचारा. तिला माहीत असतं.

प्रदर्शनाला आम्ही गेलो. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली, म्हणजे सगळा भार ब्रेकवर येत नाही. मसाला सगळा विकला गेला, कोकमाचे चार खोके परत आले. पाच जणी गेलो आणि पाच जणी घरी आलो.

भांडी झाली असतील तर उठा आता, पाठ दुखेल. पुन्हा भेटू. नमस्कार.